आवाजाचा स्वभाव कुठे असतो?

१९०७ साली एन्रिको कारूसोने व्हिक्टर कंपनीसाठी 'पाल्याची' या ऑपेरातलं 'वेस्ती ला जुब्बा' गायलं, तेव्हा त्याच्यासमोर मायक्रोफोन नव्हता. होता तो भोंगा. गायकाने त्यात जोराने गायचं, भोंग्याच्या चिंचोळ्या टोकाशी बसवलेला पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जायची. भोंग्याला स्वतःचा घुमारा असतो. काही स्वर तो फुगवतो, काही गिळतो. अगदी खालचे आणि अगदी वरचे ध्वनी त्याच्यातून पलीकडे पोचतच नाहीत. कारूसो १९२१ साली वारला आणि विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण बाजारात आलं १९२५ मध्ये. त्यामुळे विसाव्या शतकातला एक सर्वांत गाजलेला गळा जगाला ऐकू येत राहिला तो भोंग्यात अडकलेलाच.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे प्राध्यापक थॉमस स्टॉकहॅम यांनी तो गळा भोंग्यातून सोडवायचं मनावर घेतलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या टेपमधल्या साडेअठरा मिनिटांच्या रिकाम्या जागेची तपासणी ज्या तज्ज्ञांनी केली, त्यांच्यातले हे एक. त्यांचा विचार सरळ होता. गाणं क्षणाक्षणाला बदलतं, भोंगा बदलत नाही. सबंध तबकडीची सरासरी काढली, कोणत्या कंपनसंख्येला एकूण किती जोर आहे ते मोजलं, तर त्या सरासरीत दोन गोष्टी मिसळलेल्या सापडतात: गळ्याची ठेवण आणि भोंग्याची ठेवण. पण त्या दोन वेगळ्या करायच्या कशा? गायक हयात नव्हता आणि भोंग्याची मोजमापं कुणी लिहून ठेवली नव्हती. स्टॉकहॅम यांनी तीच अरिया, म्हणजे ऑपेरातलं तेच एकल गीत, नंतरच्या पिढीतल्या एका गायकाने चांगल्या मायक्रोफोनवर गायलेली घेतली, तिचीही सरासरी काढली आणि पहिलीतून दुसरी वजा केली. उरला तो भोंगा. मग भोंगा जिथे फुगवतो तिथे दाबणारा आणि जिथे दाबतो तिथे उचलणारा फिल्टर संगणकात तयार झाला. १९७५ साली या कामाचा शोधनिबंध आला आणि १९७६ मध्ये आरसीए कंपनीने अशा रीतीने सोडवलेल्या आवाजाची एलपी बाजारात आणली.

कारूसोचा खरा आवाज शोधायला दुसऱ्या माणसाचा आवाज मापाला घ्यावा लागला, ही या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. त्या एलपीवर जे ऐकू येतं ते कारूसोचं, की कारूसो कसा असायला हवा याच्या अंदाजाचं? आणि दुसऱ्याच्या आधाराशिवाय एखादा आवाज कुणाला कधी ओळखता आला आहे का?

हा प्रश्न जुन्या तबकड्यांपुरता नाही. गाण्याचं मिक्सिंग करताना इक्वलायझरला हात लावणारा प्रत्येक जण तोच प्रश्न सोडवत असतो. बहुतेकांना ती तांत्रिक बाब वाटते. ती तत्त्वज्ञानाचीही बाब आहे, आणि तिचं उत्तर चुकलं तर गाणंही चुकतं.

इक्वलायझर म्हणजे ध्वनीतल्या वेगवेगळ्या पट्ट्यांचा जोर वेगवेगळा कमी-जास्त करण्याचं साधन. त्याचा जन्म टेलिफोनच्या तारांवर झाला. लांबच्या तारेतून जाताना वरचे ध्वनी खालच्यांपेक्षा अधिक क्षीण होतात, त्यांची भरपाई करायला अभियंत्यांनी ही मंडलं बांधली. पुढे ती रेडिओत आणि सिनेमाच्या ध्वनीत आली. १९५१ साली अमेरिकेत पुल्टेक कंपनीचा इक्यूपी-१ आला. त्यावर ठरावीक ठिकाणंच निवडता येत. १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे पॅरामेट्रिक इक्वलायझरचा निबंध मांडला आणि ध्वनिमुद्रकाच्या हाती तीन स्वतंत्र बटणं आली: कुठे, किती आणि किती रुंद. आज लॅपटॉपवर फुकट मिळणाऱ्या प्लग-इनमध्येही हीच तीन बटणं असतात. वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत कुठेही, हवं तितकं कापा किंवा चढवा.

एवढी सत्ता हातात आली की पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा सोवळ्याची असते: मूळ आवाजाला हात लावू नये. भावना चांगली आहे, पण ती ज्या मूळ आवाजाच्या भरवशावर उभी आहे तो सापडत नाही. एलपीचंच घ्या. तिचा आवाज नैसर्गिक, ऊबदार असं रसिक मनापासून सांगतात. त्या एलपीवर गाणं कोरण्याआधी त्यातला खर्जाचा भाग प्रचंड दाबलेला असतो, कारण खर्जाची आंदोलनं रुंद असतात आणि ती तशीच कोरली तर खाचा एकमेकींत घुसतील. वरचे ध्वनी चढवलेले असतात, म्हणजे तबकडीची खरखर नंतर मागे सारता येते. १९५४ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी यासाठी एकच वक्ररेषा ठरवली. तिच्या दोन्ही टोकांना ही उलथापालथ सुमारे १९ डेसिबलची, म्हणजे आंदोलनाच्या हिशेबात जवळजवळ नऊपटीची आहे. घरातला ॲम्प्लिफायर तीच रेषा उलटी लावतो आणि गाणं पूर्ववत होतं. रसिक ज्याला नैसर्गिक म्हणतो ते असं दोन वेळा जबरदस्त इक्वलायझरमधून येऊन त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं.

फोनचं तर याहून नवल. जुन्या टेलिफोनच्या तारेवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर असतो शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास. तो तारेवरून येतच नाही. तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच ऐकू येतो, बारीक होत नाही. वरच्या सहस्वरांमधलं अंतर पाहून ऐकणाऱ्याचा मेंदू खालचा, न आलेला स्वर स्वतः भरून काढतो.

कानही निर्विकार नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की सारख्याच ताकदीचे ध्वनी कानाला सारखे मोठे वाटत नाहीत. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास कान सर्वांत तल्लख असतो, खर्जाला मंद; आणि आवाज लहान केला की हा मंदपणा वाढतो. म्हणून मोठ्या आवाजात भरदार वाटलेलं गाणं हळू लावलं की पोकळ वाटतं. गाणं तेच असतं, ऐकण्याची वक्ररेषा बदललेली असते.

मग मूळ आवाज म्हणायचं कशाला? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला आहे. तो संगीतासाठी नव्हता, वेदाच्या शब्दासाठी होता, हे लक्षात ठेवूनही तो इथे उपयोगी पडतो. जैमिनीच्या सूत्रांत अगदी सुरुवातीलाच शब्दाच्या नित्यत्वाची चर्चा येते. मीमांसकांचं म्हणणं: शब्द नित्य आहे, उच्चार त्याला निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. नैयायिकांना हे अमान्य. शब्द हा आकाशाचा गुण. तो उत्पन्न होतो, लाटेतून लाट निघावी तसा कानापर्यंत येतो आणि नाहीसा होतो. त्याच्या मागे प्रकट होण्याची वाट पाहत बसलेलं असं काही नसतं.

स्टुडिओत आजही हे दोन पक्ष आहेत, फक्त त्यांना आपली कुळं ठाऊक नसतात. एक ध्वनिमुद्रक म्हणतो, आवाज आत आहेच, मी वरची धूळ काढतो. दुसरा म्हणतो, आवाज मी इथे घडवतो. पहिल्याच्या कामात संयम असतो, पण काय धूळ आणि काय अंग हे तो कशावरून ठरवतो ते त्याला सांगता येत नाही. दुसरा मोकळा असतो, पण त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. दोघांचंही एका ठिकाणी एकमत आहे: आवाज ही एकटी, स्वतःपुरती वस्तू आहे. खरी अडचण तिथेच आहे. नागार्जुनाने 'मूलमध्यमककारिके'च्या पंधराव्या प्रकरणात स्वभावाची परीक्षा केली आहे. स्वभाव म्हणायचा तर तो घडवलेला नसावा आणि दुसऱ्या कशावर अवलंबून नसावा. आणि अशी गोष्ट शोधायला गेलं की हाती लागत नाही, हा त्याचा मुद्दा. त्याने हे सर्व वस्तुमात्राबद्दल म्हटलं. मिक्सिंगच्या टेबलावर त्याचा पडताळा अर्ध्या तासात येतो.

एखाद्या अभंगाचं ध्वनिमुद्रण घ्या. गायक, पेटी, पखवाज, टाळ, दोन तानपुरे, मागे झेलणारे चार-सहा आवाज. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. प्रत्येक ट्रॅक एकटा ऐकला तर उत्तम आहे. सगळे एकत्र लावले की चिखल होतो. गायकाचे शब्द कळत नाहीत, पखवाजाची थाप फुगून पसरते, टाळ कानात खुपतात.

यात कुणाचा दोष नसतो. पेटीच्या सुरातले सहस्वर दोन-अडीचशे हर्ट्झपासून काही हजारांपर्यंत दाट पसरलेले असतात, आणि गायकाच्या आवाजात ज्यामुळे 'आ' हा 'आ' आणि 'ओ' हा 'ओ' वाटतो तो भाग, नेमका त्याच पट्ट्यात असतो. टाळांचा चमचमाट तीन हजारांच्या वर, आणि तिथेच 'स', 'श', 'च', 'त' यांची धार. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुम्याला, ओल्या कणकेचा लेप देतात तो त्याचा सूर खाली नेण्यासाठी. तो खर्ज तानपुऱ्याच्या खर्जावर येऊन बसतो. कानाच्या आतल्या पडद्यावर जवळजवळच्या कंपनांना जागा वाटून घ्यावी लागते. फ्लेचर यांनी १९४० साली या वाटपाचे पट्टे मांडले. पुढे त्सविकर यांनी श्रवणक्षेत्राचे असे २४ पट्टे धरले. एका पट्ट्यात जोरकस ध्वनी असला की त्याच्या शेजारचा मंद ध्वनी झाकोळतो, आणि खालचा ध्वनी वरच्याला जितका झाकतो तितका वरचा खालच्याला झाकत नाही.

नवशिका ध्वनिमुद्रक अशा वेळी गायकाचा तीन हजारांचा पट्टा चढवतो. शब्द जरा पुढे येतात, मग पेटी मागे गेल्यासारखी वाटते, मग तो पेटी चढवतो, मग टाळ. तासाभराने सगळं मोठं झालेलं असतं आणि काहीच स्पष्ट झालेलं नसतं. जाणता माणूस उलट जातो. गायकाचं काही न चढवता तो पेटीतून हजार ते तीन हजारांच्या दरम्यान दोन-तीन डेसिबल रुंद हाताने उतरवतो. गायकाच्या ट्रॅकवर ऐंशी हर्ट्झच्या खालचं गाळणारा हाय-पास फिल्टर लावतो, कारण तिथे गळा नसतो. पायाचा ठोका आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तेवढी असते. पखवाजाचा घुमारा दीड-दोनशेच्या आसपास थोडा आवळतो आणि थापेचा कडकडीत भाग तसाच ठेवतो. एकाएकी शब्द ऐकू यायला लागतात. गायकाच्या ट्रॅकमध्ये कुणी काही घातलेलं नसतं.

आता पेटीचा ट्रॅक सोलो बटण दाबून एकटा ऐका. तो पोकळ, नाकातला वाटतो. पेटीवादक तिथे असेल तर तो दुखावेल, आणि त्याचं दुखावणं रास्त आहे. ही त्याची पेटी नाही. पण सोलो सोडा, सगळ्यांसोबत ऐका, तर पेटी पुन्हा पूर्ण वाटते. मग त्या पेटीचा खरा आवाज कोणता? एकटी असताना जो भरदार होता पण गाण्याला गिळत होता तो, की एकटा ऐकला तर अपुरा आणि मेळात पूर्ण आहे तो? अभंग ऐकणाऱ्याला दुसराच खरा आहे, कारण पहिला त्याला कधी भेटतच नाही. सोलो बटण दोष शोधायला लागतं, पण निर्णय त्याच्यावर घेतले की मिक्स बिघडतो, हे शिकायला माणसाला वर्षं लागतात. एकट्या आवाजाचं एकटं सत्य असतं ही समजूत इतकी घट्ट असते.

अलीकडे डायनॅमिक इक्वलायझर मिळतात. गायक गात असेल तेवढाच वेळ पेटीचा तो पट्टा खाली जातो. गायक थांबला की पेटी आपल्या जागी परत येते. चांगला साथीदार हाताने नेमकं हेच करतो. गायकाच्या शब्दावर भाता हलका ठेवतो, मोकळ्या जागेत भरतो. ज्या मैफलीत अशी साथ असते तिच्या ध्वनिमुद्रणावर इक्वलायझरला फार कमी काम उरतं.

इथे देवगिरीच्या एका माणसाची आठवण अपरिहार्य आहे. शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले. घराणं वैद्यकीचं. तो स्वतः यादव राजा सिंघण याच्या दरबारात हिशेबाच्या खात्यावर होता, आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. ग्रंथाच्या सुरुवातीला नादाची उपासना आहे, आहत-अनाहत यांचा विचार आहे, आणि हृदय, कंठ, मस्तक या तीन स्थानांतून नाद कसा चढतो ते आहे. पण मिक्सिंग करणाऱ्याने वाचावा तो त्याचा वृंदाचा भाग. उत्तम वृंद कोणता याचा आकडाच त्याने दिला आहे: चार मुख्य गायक, आठ सहगायक, बारा गायिका, चार बासरीवाले, चार मृदंगिये. हिशेबनीसाला शोभेल अशी ही मांडणी आहे. प्रत्येकाचं प्रमाण ठरलेलं.

पुढे त्याने वृंदाचे सहा गुण सांगितले आहेत. मुख्याच्या मागे चालणं, परस्परांत मिळून जाणं, ताल-लय धरून राहणं, एकाचं तुटलं तर दुसऱ्याने सावरून घेणं, तिन्ही स्थानांपर्यंत पोच असणं, आणि आवाजांचं एकमेकांशी साम्य. या सहांपैकी बहुतेक गुण एकट्याला असूच शकत नाहीत. त्याच ग्रंथात एकट्या कंठाच्या जातीही सांगितल्या आहेत: खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्र. कफ, पित्त, वात यांच्याशी त्यांचं नातंही जोडलं आहे. वैद्याच्या घरातला माणूस ते करणारच. म्हणजे प्रत्येक गळ्याची ठेवण त्याला ठाऊक होती आणि मान्यही होती. तरी मेळात आल्यावर त्या ठेवणीचं काय व्हावं याचे नियम त्याने वेगळे लिहिले. आवाजाला ठेवण असते, पण ती मेळात येऊन पुरी होते, हे शार्ङ्गदेवाच्या रचनेतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं आजच्या मिक्सिंगच्या पुस्तकांत क्वचितच दिसतं.

युरोपच्या ऑपेरागायकांनी हीच गोष्ट गळ्याने साधली. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की प्रशिक्षित पुरुष गायकाच्या आवाजात तीन हजार हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक उंचवटा असतो. वाद्यवृंदाचा जोर तिथे उतरलेला असतो. म्हणून सत्तर वाद्यांच्या वर एक माणूस मायक्रोफोनशिवाय ऐकू येतो. त्याने ताकद वाढवून हे केलेलं नसतं. मोकळी जागा ओळखून कंठाची ठेवण तिला जुळवून घेतलेली असते.

वजाबाकीचं हे कौतुक इथेच थांबवलं तर अन्याय होईल, कारण वजाबाकीलाही मर्यादा आहे. ती तानपुऱ्यापाशी लक्षात येते. काळी एकच्या पट्टीत पुरुषाचा तानपुरा लावला तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. तिचा पाचवा सहस्वर येतो ३४६ च्या आसपास, आणि तो गांधार असतो. कोणतीही तार गांधाराला लावलेली नसताना तो ऐकू येतो म्हणून गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. जवारी नीट लागली, घोडीवर तारेखाली सूत बरोबर जागी बसलं की हा गांधार आपोआप उजळतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास करून लिहिलं की जिथे तार छेडली त्यावरून जे सहस्वर दबायला हवेत तेही या वाद्यांत स्पष्ट ऐकू येतात. साधा नियम इथे मोडतो.

आता ध्वनिमुद्रणाच्या पुस्तकांत ढोबळ सल्ला असतो की २५० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान चिखल साठतो, तिथे कापावं. गिटार आणि ड्रमच्या गाण्यात तो सल्ला पुष्कळदा बरोबरही असतो. तोच डोळे मिटून तानपुऱ्यावर लावला तर पाचवा सहस्वर पातळ होतो. वरच्या सप्तकांतले गांधार थोडेफार सांभाळून घेतात, पण ज्या सुरावर गवई कान ठेवून बसतो त्याचा पायाच हलतो. ऐकणाऱ्याला काय गेलं ते सांगता येत नाही. गाणं कोरडं वाटतं एवढंच. पेटीतून दोन डेसिबल काढले तेव्हा शब्द उजळले होते. इथे काढले तेव्हा कुणासाठीच जागा झाली नाही. मेळातल्या दुसऱ्या कुणाला ती जागा हवी आहे का, हा प्रश्न कापण्याआधी विचारायला हवा. तसा कुणी नसेल तर ते कापणं सवयीपोटी झालेलं असतं.

सवय हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि तिची रूपं ओळखणं हीच खरी साधना. पहिलं रूप मोठेपणाचं. कोणताही पट्टा चढवला की एकूण आवाज किंचित मोठा होतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. ध्वनिमुद्रकाला वाटतं सुधारणा झाली, झालेली असते फक्त वाढ. यावर उपाय एकच: बदलानंतर एकूण पातळी पुन्हा आधीइतकी करायची आणि मग आधीचं-नंतरचं ताडून पाहायचं. असं केलं की अर्ध्याहून अधिक बदल मागे घ्यावे लागतात, असा अनुभव या धंद्यातली प्रामाणिक माणसं सांगतात.

दुसरं रूप दोषदृष्टीचं. दोष शोधण्यासाठी एक अरुंद पट्टा दहा-बारा डेसिबल चढवून तो खालपासून वरपर्यंत फिरवायचा आणि जिथे वाईट वाटेल तिथे कापायचं, अशी पद्धत सर्रास शिकवली जाते. पण इतक्या अरुंद जागी इतकं चढवलं तर कोणताही आवाज कुठेही वाईटच वाटतो. निर्दोष गळ्यावरही असे सात-आठ दोष सापडतात आणि सात-आठ खाचा पडतात. जुनी, चांगली शिस्त अशी की आधी न चढवता ऐकावं, खुपणारी जागा कानाने ओळखावी आणि मग फक्त तिची खात्री करून घेण्यासाठी पट्टा फिरवावा.

तिसरं रूप सर्वांत कठीण, कारण ते बसायच्या जागेत असतं. तीन मीटर रुंदीच्या खोलीत दोन भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा ध्वनी घुमतो. भिंतीशी तो फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. मध्यभागी खुर्ची टाकून बसलेल्या ध्वनिमुद्रकाला पखवाज पोकळ वाटतो, तो तिथला खर्ज चढवतो, आणि ते गाणं दुसऱ्याच्या घरी वाजलं की धुमा खिडक्या हलवतो. त्याने प्रामाणिकपणे ऐकलं होतं. वाद्यात जो अभाव त्याला दिसला तो त्याच्या आसनाचा होता. म्हणूनच जाणते लोक तेच मिक्स गाडीत, फोनच्या स्पीकरवर, शेजारच्या खोलीत दार अर्धं लावून ऐकतात. जैनांचा अनेकान्तवाद हेच सांगतो: एका बाजूने पाहिलेलं खोटं नसतं, पण ते त्या बाजूचं असतं, आणि ती बाजू सांगितल्याशिवाय विधान पुरं होत नाही.

संगणकाने यात एक अजब भर घातली आहे. काही डिजिटल इक्वलायझर कला, म्हणजे फेज, न बिघडवता काम करतात. त्याची किंमत अशी की पखवाजाच्या थापेच्या क्षणभर आधी तिची पुसट थरथर ऐकू येते. कार्य कारणाच्या आधी येतं. निसर्गात असं होत नाही. ध्वनिमुद्रणात पुढचा क्षण आधीच साठवलेला असल्यामुळे हे शक्य होतं. टाळ आणि पखवाज असलेल्या गाण्यावर हे साधन वापरताना कान फार जागा ठेवावा लागतो.

एवढं सगळं मानल्यावरही एक प्रश्न उरतोच. आवाज मेळात पुरा होतो हे खरं, पण मेळाच्या नावाखाली एखाद्या गळ्याचं वेगळेपण कापून टाकायचा अधिकार कुणाला आहे? आज बाजारात अनेक गायिकांचे आवाज एकाच साच्याचे ऐकू येतात: खालचा भाग साफ कापलेला, दहा हजारांच्या वर चमक चढवलेली. मेळाची गरज म्हणून हे क्वचितच होतं. आधीचं गाजलेलं गाणं तसं होतं म्हणून होतं. जवारीदार, किंचित घोगऱ्या, अनुनासिक गळ्यांना यात जागा उरत नाही.

जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ यांचा गळा तरुणपणी अतिश्रमाने बसला आणि पुढे त्यांनी बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी नव्याने बांधली, असं संगीताच्या इतिहासात नोंदलं आहे. ती गायकी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या अगदी वेगळ्या गळ्यांतून पुढे गेली. खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण नाही. जग त्यांना ओळखतं ते शिष्यांच्या आवाजांतून. घराणं त्या गळ्याच्या दोषातून घडलं. तो गळा आजच्या एखाद्या मिक्सिंग टेबलावर आला असता तर त्याच्यातलं नेमकं काय काढून टाकावं असं ठरलं असतं, याचा विचार प्रत्येक ध्वनिमुद्रकाने करावा.

या जबाबदारीला अभिलेखागारांनी व्यवहारी उत्तर शोधलं आहे. ध्वनी आणि दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम सांगतात की जुन्या तबकडीची वा फितीची जतनप्रत काढताना स्वतःच्या आवडीने कोणतीही सुधारणा करू नये. खरखर, घुमारा, सगळं जसं आहे तसं उतरवावं. ऐकण्यासाठीची साफ केलेली प्रत वेगळी बनवावी. त्यामुळे पुढच्या पिढीला आधीच्यांचा निर्णय मोडता येतो. मीमांसक आणि नैयायिक दोघांनाही इथे नांदता येतं: एका प्रतीत जे होतं ते आहे, दुसरीत जे घडवलं ते.

महाराष्ट्रातल्या छोट्या-मोठ्या स्टुडिओंत दर आषाढीच्या आधी अभंगांची किती ध्वनिमुद्रणं होतात, आणि त्यातल्या बहुतेकांचा फक्त शेवटचा मिक्स उरतो. प्रकल्पाची फाईल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकते, प्लग-इन बंद पडतात, हार्ड डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लागते. पेटी पूर्ण कशी होती, टाळ कसे वाजत होते, गायकाचा गळा फिल्टरच्या आधी कसा होता, हे कुणालाच पुन्हा कळत नाही. हे थांबवायला हवं आणि ते सहज थांबवता येतं. प्रत्येक ट्रॅक कोणतीही प्रक्रिया न करता, पहिल्या सेकंदापासून, साध्या डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये उतरवून ठेवायचा. सोबत पट्टी, तानपुऱ्यांची संख्या, मायक्रोफोन कोणता आणि किती अंतरावर, खोली केवढी, एवढी टिपणं लिहायची. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटने केलेला, सोळा ट्रॅकचा, आठ मिनिटांचा अख्खा अभंग अशा रीतीने सव्वा जीबीच्या आत बसतो.